परदेशी प्रवाशांच्या नजरेतून धाराशिवची प्राचीन नगरे

युरोपचा प्रवास करून परतलेला मराठी माणूस तेथील जुन्या शहरांविषयी मोठ्या कौतुकाने बोलतो. रोममधील भग्न सभागृहे, फ्लोरेन्समधील दगडी गल्ल्या, प्रागमधील पूल आणि मनोरे, ज्वालामुखीच्या राखेखालून वर काढलेले पाँपेई, या साऱ्यांचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटलेला असतो. आपला भूतकाळ त्या लोकांनी किती जपून ठेवला आहे, असे उद्गार त्याच्या मुखातून सहज निघतात. हे कौतुक रास्तच आहे. मात्र याच युरोपातील व्यापाऱ्यांनी, अधिकाऱ्यांनी आणि संशोधकांनी महाराष्ट्रातील एका कोरडवाहू जिल्ह्यातील नगरांविषयी तितक्याच कौतुकाने लिहून ठेवले आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. तो जिल्हा म्हणजे धाराशिव होय.

धाराशिव म्हटले की तुळजापूरच्या भवानीमातेचे स्मरण होते. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेले हे महाराष्ट्राचे एक प्रमुख शक्तिपीठ असून कल्लोळतीर्थावर आणि गोमुखतीर्थावर वर्षभर भाविकांची रीघ लागलेली असते. परंतु तुळजापूरच्या वाटेने येणारे बहुसंख्य यात्रेकरू देवीचे दर्शन घेऊन माघारी वळतात. जिल्ह्यातील तेर, नळदुर्ग आणि परांडा ही तीन स्थाने त्यांच्या वाटेत येत नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत या परिसराविषयी परदेशी माणसांनी जे लिहिले, त्याच्या आधारे ही स्थाने पाहिली तर त्यांचे महत्त्व नव्याने ध्यानात येते.

दहा दिवसांच्या वाटेवरचे नगर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र, अरबी समुद्र आणि भारताचा पश्चिम किनारा येथील बंदरांची माहिती देणारे एक छोटे पुस्तक लिहिले. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ते आज ओळखले जाते. लेखकाचे नाव त्यात नाही. कोणत्या बंदरात कोणता माल मिळतो, तेथे काय विकले जाते, नदीच्या मुखाशी कोठे धोका आहे, असा व्यवहारी तपशील त्यात भरलेला आहे. पुस्तकाचा हेतू व्यापाराचा असल्याने त्यातील शब्दांना वेगळेच मोल आहे.

या पुस्तकात दक्षिणापथातील दोन बाजारपेठा विशेष महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या आहेत. पहिली पैठण आणि दुसरी तगर. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असून पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर आहे, असे लेखक म्हणतो. या दोन्ही ठिकाणांहून गाड्यांवर लादलेला माल अवघड, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येत असे. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड मोठ्या प्रमाणात येत, तर तगरहून जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची तलम मलमल आणि एका विशिष्ट जातीचे रंगीत वस्त्र येत असे. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी यानेही तगरची नोंद केली आहे.

कोकणातील बंदरे त्या मानाने जवळ असताना तगरचा माल इतक्या दूर भडोचला का जात असावा, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तरही याच पुस्तकात आहे. कल्याण हे पूर्वी नियमित व्यापाराचे बंदर होते. पुढे तेथे निर्बंध आले आणि चुकून त्या बाजूस लागलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेण्यात येऊ लागले, असे लेखक नमूद करतो. पश्चिम किनाऱ्यावरील सत्तेसाठी क्षत्रप आणि सातवाहन यांच्यात जो संघर्ष चालू होता, त्याची ही सावली होय. तेरणेच्या काठी विणलेल्या कापडाची वाट राजकारणामुळे कशी बदलत असे, हे यावरून दिसून येते.

नगराचा शोध

तगरचे नाव अशा रीतीने ग्रंथांत राहिले. परंतु हे नगर नेमके कोठे होते, याचा विसर पडला. कोकणातील शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवीत. त्यावरून तगरची थोरवी कळत होती, पण ठिकाण कळत नव्हते. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी यासंबंधी अनेक तर्क केले. विल्फर्ड याने देवगिरीचे नाव सुचविले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना जुन्नर हेच तगर असावे असे वाटले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखविले.

अखेर १९०१ मध्ये कोरीव लेखांचे व्यासंगी अभ्यासक जॉन फेथफुल फ्लीट यांनी तेरणा नदीकाठचे तेर हेच तगर होय, असे प्रतिपादन केले आणि ते सर्वमान्य झाले. भाषा आणि अंतर ही या मताची दोन मुख्य प्रमाणे म्हणता येतील व ती सामान्य वाचकालाही सहज पडताळता येतात.

प्राकृतात शब्दाच्या मध्यभागी आलेला ‘ग’ बहुधा गळून पडतो व त्याच्या जागी ‘य’ सारखा उच्चार येतो. त्यामुळे तगरचे तयर आणि तयरचे तेर झाले. मराठी वाचकाला हा बदल अपरिचित नाही. ‘नगर’ या शब्दाचे ‘नयर’ आणि पुढे ‘नेर’ असेच झाले असून अमळनेर, पिंपळनेर यांसारख्या ग्रामनामांत ते आजही टिकून आहे.

अंतराचे प्रमाणही असेच बोलके आहे. भडोच ते पैठण हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर भरते आणि त्यास वीस दिवस लागत, असे ग्रीक लेखक सांगतो. पैठण ते तेर हे अंतर सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर असून त्यास दहा दिवस लागत. म्हणजे दोन्ही टप्प्यांत रोजची मजल साधारण पंधरा ते अठरा किलोमीटर पडते. भरलेल्या बैलगाडीची चाल ज्याने पाहिली आहे, त्याला हा हिशेब अगदी स्वाभाविक वाटेल. दिशा मात्र पूर्वेऐवजी आग्नेय आहे. परंतु भडोचच्या धक्क्यावर बसून गाडीवानांकडून ऐकलेल्या माहितीत एवढा फरक क्षम्य मानावा लागेल.

पुढे भारतीय पुरातत्त्व विभागाचे हेन्री कझेन्स यांनी तेरची पाहणी करून तेथील मंदिरांचे आणि टेकाडांचे वर्णन विभागाच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध केले. ग्रंथातले नगर आणि जमिनीवरचे गाव यांची गाठ अशा रीतीने पुन्हा पडली.

हस्तिदंताच्या दोन मूर्ती

इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा इसवी सन ७९ मध्ये उद्रेक झाला आणि पाँपेई नगर राखेखाली गाडले गेले. १९३८ मध्ये तेथील एका घराच्या उत्खननात सुमारे चोवीस सेंटीमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. अंगावर भरगच्च अलंकार, दोन्ही बाजूंस लहान दासी, अशी ही मूर्ती नखशिखान्त भारतीय आहे. आरंभी तिला लक्ष्मी म्हणून ओळखले गेले. पुढे ती यक्षी असावी असे मत पुढे आले. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या मस्तकातून खाली गेलेल्या भोकावरून ती एखाद्या आसनाचा पाय अथवा आरशाची मूठ असावी, असा तर्क केला जातो.

याच परंपरेतील, तिची धाकटी बहीण शोभावी अशी एक हस्तिदंती मूर्ती तेर येथे मिळाली. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही अशा मूर्तीचा भाग सापडला. पाँपेईची मूर्ती नेमकी कोणत्या गावच्या कारागिराने घडविली, हे निश्चित सांगता येणार नाही. परंतु तेर आणि भोकरदन येथील शोधांमुळे ती दख्खनमध्ये घडली असावी, या मताला बळकटी मिळाली. पाँपेईच्या दिवाणखान्यात आणि तेरच्या एखाद्या घरात एकाच पद्धतीची वस्तू असावी, ही गोष्ट दोन्ही नगरांचे नाते सांगण्यास पुरेशी आहे.

या व्यापाराची झळ रोमला लागत होती, याचाही पुरावा उपलब्ध आहे. भारत दरवर्षी रोमन साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स इतकी रक्कम ओढून नेतो, अशी तक्रार रोमन ग्रंथकार प्लिनी याने केली आहे. भारतीय वस्त्रे, रत्ने आणि मसाले यांच्या मोहापायी सोने-नाणे बाहेर जाते, याची त्याला खंत होती. योगायोग असा की, हा प्लिनी व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मरण पावला. ज्या व्यापाराविरुद्ध त्याने लेखणी चालविली, त्या व्यापारातून आलेली एक मूर्ती त्याच राखेने जपून ठेवली.

पांढरीच्या पोटातले नगर

धाराशिव शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेले आजचे तेर हे एक नांदते गाव आहे. पाँपेई आणि तेर यांतील मुख्य फरक येथेच आहे. पाँपेई एका दिवसात गाडले गेले व त्यामुळे जसेच्या तसे राहिले. तेर कधीच पुरते ओस पडले नाही. जुनी घरे पडली, त्यांच्या मातीवर नवी उभी राहिली आणि पिढ्यान् पिढ्या हे चालत राहिले. शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. राख, चुना, शेणमाती, मोडलेली मडकी यांचे थर साचून तयार झालेली ही पांढरी म्हणजेच नगराचा लिहून ठेवलेला इतिहास होय. फक्त तो वाचण्यासाठी थर एकामागून एक, काळजीपूर्वक उलगडावे लागतात.

तेर येथे १९५८ पासून वेगवेगळ्या वेळी उत्खनने झाली. १९६६-६७ मध्ये डॉ. भा. ना. चापेकर यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या उत्खननाचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. विटांचा स्तूप, सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, नाना तऱ्हेचे मणी, तांबडी झिलईदार भांडी, पांढऱ्या मातीच्या साच्यातून काढलेल्या सुबक मूर्ती, रोमन घाटाचे दिवे अशा वस्तू तेरच्या भूमीतून वर आल्या. रोमन नाण्यांचे ठसे मातीवर उठवून तयार केलेली पदकेही मिळाली आहेत. सोन्याचे नाणे ज्याला परवडत नव्हते, तो त्याची मातीची प्रतिकृती दोऱ्यात ओवून गळ्यात घालीत असावा. परदेशी वस्तूंची हौस ही केवळ आजची गोष्ट नाही, हे पाहून वाचकांना गंमत वाटेल.

गावातील त्रिविक्रमाचे मंदिर हे तेरचे सर्वांत मोठे भूषण होय. विटांनी बांधलेली ही वास्तू मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असून तिचे छप्पर गजपृष्ठाकार आहे. हा घाट बौद्ध चैत्यगृहाचा असतो. कार्ले किंवा भाजे येथील लेण्यांत जो आकार डोंगर पोखरून कोरला, तो येथे विटांनी उभा केलेला आढळतो. मूळचे चैत्यगृह पुढे विष्णुमंदिर झाले, समोर मंडप आला आणि पूजा अखंड चालू राहिली, असे अभ्यासकांचे मत आहे. डोंगरात न कोरता बांधून काढलेली अशी चैत्यगृहे देशात फारच थोडी टिकून राहिली आहेत. तेरच्या जुन्या विटांची आणखी एक ख्याती आहे. त्यांपैकी काही इतक्या हलक्या आहेत की त्या पाण्यावर तरंगतात. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा हाही लाकूडकामाचा एक दुर्मीळ नमुना आहे.

तेरणेच्या काठी संत गोरोबाकाकांचे समाधिस्थान आहे. थापटी हाती घेऊन कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे याची परीक्षा करणारे गोरोबाकाका महाराष्ट्राच्या घरोघरी परिचित आहेत. ज्या गावाच्या भूमीत दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभारांची कलाकुसर पावलोपावली सापडते, त्याच गावी मातीत काम करता करता परमार्थ साधणारा हा संत व्हावा, हे किती समर्पक आहे!

एका नागरिकाचे कार्य

तेरचा हा ठेवा आज पाहावयास मिळतो, याचे मोठे श्रेय तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्याकडे जाते. पावसाळ्यात माती वाहून गेली की टेकाडांवर मणी, नाणी आणि मातीच्या मूर्ती उघड्या पडत. मुले त्यांच्याशी खेळत, कोणी त्या फेकून देत. लामतुरे यांनी अशा वस्तू चिकाटीने गोळा केल्या. पुढे हा संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला आणि त्यातून त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेर येथे उभे राहिले. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह आहे. ब्रिटिश म्युझियममधील अभ्यासक डग्लस बॅरेट यांनी तेरवर लिहिलेली पुस्तिका १९६० मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाली. दूरच्या विद्वानांना तेरची वाट दाखविणारी वस्तू एका गावकऱ्याच्या घरातील फडताळात होती, ही गोष्ट प्रत्येक गावाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

धाराशिवची लेणी

तेरची कथा धाराशिव शहराजवळच्या लेण्यांशी जोडलेली आहे. शहरापासून काही किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत ही लेणी आहेत. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात करकंड राजा तेरापूर येथे येतो आणि डोंगरातील लेण्यात पार्श्वनाथाची मूर्ती पाहतो, असा प्रसंग आहे. ते तेरापूर म्हणजे तेर आणि ती लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, असे अभ्यासक मानतात. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ मध्ये बीदर आणि औरंगाबाद भागातील प्राचीन अवशेषांची पाहणी केली आणि १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात या लेण्यांचे वर्णन व आराखडे दिले. स्तंभांचे विशाल दालन, त्याच्या तिन्ही बाजूंस भिक्षूंच्या खोल्या आणि गाभाऱ्यात पार्श्वनाथ अशी येथील मुख्य लेण्याची रचना आहे. हा आराखडा अजिंठ्याच्या विहारांची आठवण करून देणारा आहे.

नळदुर्गचा बांध आणि टेलरसाहेब

सोलापूर-हैदराबाद महामार्गालगतचे नळदुर्ग हे या जिल्ह्यातील दुसरे ऐतिहासिक नगर. नळ-दमयंतीच्या कथेशी लोकांनी याचे नाव जोडले आहे. बहमनी आणि आदिलशाही काळात या किल्ल्याला मोठे महत्त्व होते. बोरी नदीच्या वळणावर उभ्या असलेल्या या किल्ल्याच्या तटाला शंभराहून अधिक बुरूज असून त्यांपैकी उपळ्या बुरुजावरून दूरवरचा मुलूख दिसतो.

मात्र नळदुर्गचे खरे वैशिष्ट्य त्याच्या तटात नसून पाण्यात आहे. १६१३ मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत बोरी नदीवर दगडी बांध घालण्यात आला. या बांधाने मुख्य किल्ला आणि पलीकडील रणमंडळ हा उपदुर्ग एकमेकांस जोडले गेले. एका बाजूस पाण्याचा साठा झाला, दुसऱ्या बाजूस तेच पाणी संरक्षणाच्या कामी आले आणि बांधाच्या पोटातच राजविलासासाठी ‘पाणीमहाल’ बांधला गेला. नदीला पूर आला की पाणी बांधावरील दोन सांडव्यांवरून कोसळते. त्यांना ‘नर’ आणि ‘मादी’ अशी नावे आहेत. समोरून पाण्याचा पडदा कोसळत असताना आतला महाल मात्र कोरडा राहतो. सिंचन, संरक्षण आणि सौंदर्य या तिन्ही गोष्टी एकाच बांधकामात साधणाऱ्या त्या स्थपतींचे कौशल्य आजच्या अभियंत्यांनीही अभ्यासावे असे आहे.

१८५३ मध्ये निजामाने इंग्रजांशी झालेल्या करारान्वये वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिला. या मुलखाचा कारभार फिलिप मेडोज टेलर याच्याकडे आला. १८०८ मध्ये लिव्हरपूल येथे जन्मलेला हा अधिकारी किशोरवयातच भारतात आला होता आणि निजामाच्या चाकरीत त्याची हयात गेली. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या कादंबरीने त्याला इंग्लंडमध्ये नाव मिळवून दिले होते. नळदुर्गच्या मुक्कामात तेथील किल्ला, नदी आणि बांध यांची त्याच्या मनावर मोठी छाप पडली. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या स्थळाचे वर्णन आले आहे. त्याची ‘तारा’ ही १८६३ ची कादंबरी तर तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर सुरू होते. या जिल्ह्यातील एक तीर्थक्षेत्र इंग्रजी वाचकांपर्यंत असे पोहोचले. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. पुढे जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला हलले, सातव्या निजामाच्या नावावरून त्याचे उस्मानाबाद झाले आणि २०२३ मध्ये शहराला व जिल्ह्याला धाराशिव हे मूळ नाव परत मिळाले.

परांड्याचा भुईकोट

जिल्ह्याच्या पश्चिम टोकास परांडा आहे. बहमनी राज्याचा मुत्सद्दी वजीर महमूद गवान याच्या नावाशी या भुईकोटाची उभारणी निगडित आहे. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यानंतर मलिक अंबरने निजामशाहीचा नवा वारस उभा केला आणि राज्याची राजधानी काही काळ परांड्यास होती. १६३४ मध्ये शहाजहानचा पुत्र शुजा आणि सेनापती महाबतखान यांनी या किल्ल्यास वेढा दिला. परंतु त्यांना तो घेता आला नाही.

परांडा अजिंक्य का ठरला, हे त्याची रचना पाहिल्यावर उमगते. उंच डोंगराचा आधार नसल्याने येथे खंदक, दुहेरी तट, ठेंगणे पण भक्कम बुरूज आणि वळणे घेत जाणारा दरवाजा यांवर भर दिला आहे. तोफांचा काळ आला तेव्हा युरोपातही उंच, सरळ भिंतींचे किल्ले निरुपयोगी ठरले आणि तेथील स्थपती रुंद, बसक्या बुरुजांकडे वळले. इटलीतील १५९३ मध्ये वसविलेले पाल्मानोव्हा हे ताऱ्याच्या आकाराचे नगर त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. दोन्हीकडील कारागिरांनी एकाच शस्त्राला आपापल्या परीने उत्तर शोधले होते.

त्या शस्त्राचे एक जगप्रसिद्ध उदाहरणही परांड्यातच होते. ‘मलिक-ए-मैदान’ ही अजस्र तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे मुहम्मद बिन हसन रूमी या ओतकाराने ओतली. ‘रूमी’ या नावावरूनच तो तुर्कांच्या मुलखाशी संबंधित होता हे कळते. पुढे ही तोफ परांड्यात आली आणि १६३२ मध्ये तेथून विजापूरला गेली. विजापूरच्या बुरुजावर आज पर्यटक जिच्याभोवती गर्दी करतात, ती तोफ एके काळी परांड्याची राखण करीत होती.

जुने जपावे कसे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांना जबर तडाखा दिला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावरील मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. माणसे वाचविणे आणि त्यांना सुरक्षित घर देणे हेच त्या वेळी सर्वांत मोठे कर्तव्य होते. परंतु या आघातानंतर जुन्या वाड्यांविषयी लोकांच्या मनात भीती बसली, हेही खरे आहे. जुने ते धोक्याचे, असा समज रुजला तर उरलेले वाडे, वेशी आणि बारवा डोळ्यांदेखत नाहीशा होण्यास वेळ लागणार नाही.

या बाबतीत पोलंडमधील वॉर्साचे उदाहरण बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या शहराचा जुना भाग जवळजवळ संपूर्ण बेचिराख झाला. तेथील नागरिकांनी जुनी चित्रे आणि वास्तूंचे आराखडे यांच्या आधारे तो पुन्हा उभा केला आणि १९८० मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक वारशात नोंद केली. जुनी रेखाटने हाताशी होती म्हणून हे साधले. जुन्या वास्तूची मोजमापे, आराखडे आणि छायाचित्रे वेळीच करून ठेवली तर आपत्तीनंतरही स्मृती टिकविता येते, हा त्यातील धडा होय. तसेच जुनी वास्तू आणि सुरक्षितता यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. तज्ज्ञांच्या सल्ल्याने भिंतींना बांधणी देऊन, छपरावरचा भार कमी करून जुनी घरे अधिक सुरक्षित करता येतात.

शासनाच्या पातळीवर या कामासाठी कायद्याची चौकट आहे. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा अधिनियम प्राचीन स्मारकांचे संरक्षण करतो. राज्य शासनाच्या महाराष्ट्र वैभव स्मारक संगोपन योजनेद्वारे नळदुर्गसारख्या किल्ल्याच्या देखभालीत खासगी संस्थेचाही सहभाग घेण्यात आला. जमिनीत सापडणाऱ्या मौल्यवान वस्तूंबाबत १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू आहे. दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

तथापि केवळ कायद्याने वारसा टिकत नाही. नांगराच्या फाळाला लागलेली वीट, घराचा पाया खणताना मिळालेले नाणे, पांढरीची माती उकरताना वर आलेली मातीची बाहुली यांचे काय करायचे, हे त्या क्षणी तेथे उभा असलेला माणूसच ठरवीत असतो. वस्तू जेथे सापडली ती जागा आणि तिची खोली यांची नोंद न होता ती हलविली गेली, तर तिचे निम्मे मोल तेथेच संपते. बाजारात विकली गेलेली मूर्ती कोणत्या गावची, हे सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून अशी वस्तू दिसताच खणणे थांबवावे, तलाठी, ग्रामपंचायत अथवा पुरातत्त्व विभागास कळवावे आणि शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आपल्या गावचे टेकाड एकदा तरी दाखवावे. एवढे केले तरी फार मोठे काम होईल.

दोन हजार वर्षांपूर्वी एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने भडोचच्या बंदरात तगरच्या कापडाची नोंद केली, म्हणून तेर गावाला आपले जुने नाव परत मिळाले. तेवढीच एक नोंद प्रत्येक गावाने स्वतःविषयी करून ठेवली, तर पुढील पिढ्यांना आपला इतिहास शोधण्यासाठी परक्यांची पुस्तके चाळावी लागणार नाहीत.